महिनाभराचं फूल

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. केसांत साकुराची, म्हणजे जपानी चेरीची, फुलं खोचून मी नाचाच्या वर्गाला गेले. फुलं रेशमाची होती आणि मी स्वतः केलेली: तीन फुलं, पंधरा पाकळ्या, दोन कळ्या. महिनाभर रात्री जेवणं आटोपल्यावर चिमटा हातात धरून बसत होते. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या नाचाच्या गुरूंनी, मान कलती करून बघितलं, "आरा, किरेइ देसु ने" म्हणाल्या, म्हणजे "अगं बाई, सुरेख आहे की", आणि गप्प झाल्या. जपानमध्ये नऊ वर्षं काढल्यावर माणूस एक गोष्ट शिकतो. कौतुकाचे शब्द ऐकायचे नसतात, त्यानंतर किती वेळ शांतता आहे ते बघायचं असतं. ही शांतता जरा लांबली.

वर्ग संपल्यावर पंखे आवरता आवरता त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी थोडं लवकर जमेल का?" मला वाटलं, माझ्या कामाच्या वेगाबद्दल बोलताहेत. मी लगेच माफी मागायला लागले. त्यांनी खिडकीकडे बघितलं, म्हणून मीही बघितलं. बाहेर साकुराच्या झाडांना कोवळी पालवी फुटली होती आणि गळलेल्या पाकळ्या पावसाच्या पाण्याबरोबर गटाराच्या जाळीला चिकटून तपकिरी पडल्या होत्या.

साकुराचं फूल केसांत किंवा किमोनोवर मिरवायचं ते झाडावर फुलायच्या आधी. झाड बहरलं की आपलं काढून ठेवायचं, कारण खऱ्या फुलांशी बरोबरी करणं बरं दिसत नाही. बहर संपल्यावर तर नाहीच नाही. लग्न लागून पंगती उठल्यावर अक्षता टाकल्यासारखं ते. (ही उपमा माझी. सेन्सेई एवढं थेट कधी बोलणार नाहीत.) सगळेच काही इतके काटेकोर नसतात. साकुरा हे सगळ्या देशाचं फूल, ते बारा महिने चालतं असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि दुकानांत बारा महिने मिळतंही. पण माझ्या सेन्सेई सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत, आणि त्यांच्यापुढे मी तरी असा युक्तिवाद करणार नाही.

मी दर गुरुवारी निहोन बुयो, म्हणजे पारंपरिक जपानी नाच, शिकते. शिकते म्हणजे सात वर्षं शिकतेच आहे. तोक्योच्या एदोगावा भागात, निशिकासाईजवळ आम्ही राहतो. तिथे इतके भारतीय आहेत की कोथिंबीर-कढीपत्त्याला अडत नाही आणि रविवारी स्टेशनवर मराठी कानावर पडतं. वस्तीतल्या सार्वजनिक सभागृहात तातामी (गवताच्या जाड चटया) घातलेली एक खोली तासावर मिळते. तिथे आम्ही सहाजणी. मी सोडून सगळ्या साठीच्या पुढच्या आणि सगळ्यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे. सुरुवातीला आणि शेवटी 'सेइझा'त बसून नमस्कार करायचा असतो. सेइझा म्हणजे आपलं वज्रासनच. शाळेत योगासनाच्या तासाला मी ते हसत खेळत करायचे. आता पाच मिनिटांत पायांना मुंग्या येतात आणि उठताना मी भिंत शोधते.

नमस्कार करताना मिटलेला पंखा आपल्यापुढे आडवा ठेवायचा. पंख्याच्या अलीकडे मी, पलीकडे गुरू. सात वर्षांत मला सगळ्यात नीट जमलेली गोष्ट हीच असावी. बाकी सगळं अर्धवट आहे. कमर खाली ठेवायची, पावलं जमिनीवरून सरकवायची, गुडघे एकमेकांपासून सुटू द्यायचे नाहीत. एका मैत्रिणीने पहिले सहा महिने गुडघ्यांमध्ये कागद धरून सराव केला, आणि तो पडला की मुकाट्याने उचलून पुन्हा धरला. आमच्याकडे मोजणी नसते, एक-दोन-तीन-चार नाही. सेन्सेई तोंडाने शामिसेन, म्हणजे तिथलं तीन तारांचं वाद्य, वाजवतात: चिन्, तोन्, शान्. तबल्याचे बोल ऐकत वाढलेल्या कानाला हे चटकन पटलं. पण बोलांच्या मधली जी रिकामी जागा असते, जिला 'मा' म्हणतात, तिथे मी हमखास घाई करते. समेवर यायची सवय झालेल्या माणसाला समेची वाटच बघायची नाही हे जड जातं.

सेन्सेई आमच्याकडे तोंड करून उभ्या राहतात आणि सगळा नाच उलटा करून दाखवतात. माझा उजवा हात तो त्यांचा डावा, म्हणजे मला आरशात बघितल्यासारखं बघून नक्कल करता येते. पंधरा मिनिटांचा नाच, तोही स्त्रीचा, तोही पंख्यासकट, त्यांना सुलट आणि उलट दोन्ही पाठ आहे. हे मला कळायलाच दोन वर्षं लागली. तोवर मी समजत होते की त्या डावखुऱ्या आहेत.

या नाचाचं मूळ काबुकीत, जपानच्या जुन्या संगीतनाटकात. १६०३च्या सुमारास क्योतोमध्ये ओकुनी नावाची बाई नाचू लागली, लोक वेडे झाले, आणि १६२९मध्ये सरकारने बायकांना रंगमंचावर बंदीच घातली. तेव्हापासून काबुकीत बायकांची कामं पुरुष करतात. म्हणजे आज मी गुरुवारी ज्या लाजऱ्या मुरक्या शिकते, त्यांतल्या बऱ्याचशा पुरुषांनी बाई कशी दिसावी याचा विचार करून बसवलेल्या आहेत. बालगंधर्वांच्या मुलखातून आलेल्या बाईला यात नवल वाटू नये, आणि वाटलंही नाही. उलट जरा घरच्यासारखं वाटलं. पुढे हानायागी, फुजिमा, वाकायागी, निशिकावा, बांदो अशी मोठी घराणी झाली. घराण्याचं नाव लावायची परवानगी मिळाली की 'नातोरी' होता येतं. त्याला वर्षं लागतात आणि पैसेही. मी ना त्या वाटेला आहे ना त्या वयाला. "नाव घ्यायचंय का?" असं एकदा सेन्सेईंनी विचारलं, तेव्हा मला उखाणाच आठवला.

गेली दोन वर्षं मी 'फुजी मुसुमे'चा एक तुकडा शिकतेय. फुजी म्हणजे डोंगर नव्हे, तो शब्द वेगळा. हे फुजी म्हणजे विस्टेरियाचा वेल, जांभळ्या घोसांचा. ओत्सु गावात प्रवाशांना स्वस्तात विकली जाणारी चित्रं असायची. त्यांतली खांद्यावर विस्टेरियाची फांदी घेतलेली मुलगी चित्रातून बाहेर येते अशी मूळ कल्पना. पहिला प्रयोग १८२६चा. पुढे १९३७मध्ये काबुकीतले नट सहावे ओनोए किकुगोरो यांनी चित्राची भानगड काढून टाकली आणि ती मुलगी म्हणजे त्या वेलाचाच आत्मा, असं करून टाकलं. मला जुनी कल्पना जास्त आवडते. चित्रातली मुलगी बाहेर आली तर जरा बावरेल, अडखळेल. माझ्या पायांना ते सोयीचं आहे.

साकुराच्या फजितीनंतर ठरवलं, की पुढचं फूल वेळेवर करायचं. मे महिना विस्टेरियाचा.

ही रेशमी फुलं करायच्या कलेला 'त्सुमामी झाइकु' म्हणतात, चिमटीचं काम. एदो काळापासून, म्हणजे तोक्योला एदो म्हणत तेव्हापासून, चालत आलेलं. पातळ रेशमाचे चौकोन कापायचे. माझे तीन सेंटिमीटरचे, कसलेल्या कारागिरांचे एकेक सेंटिमीटरचेही असतात. चौकोन चिमट्याने दुमडायचा, पुन्हा दुमडायचा, की पाकळी तयार. घड्या मुळात दोनच: एक गोल, एक टोकदार. गोल घडीतून साकुरा, उमे (जपानी आलुबुखाराचं फूल), टोकदारातून शेवंती. लाकडी पाटीवर तांदळाच्या खळीचा पातळ थर पसरून त्यात पाकळ्या ओळीने उभ्या करायच्या, खळ बुडाशी मुरली की एकेक उचलून पुठ्ठ्याच्या चकतीवर बसवायची. या बसवण्याला जे क्रियापद वापरतात, तेच घराचं छप्पर घालण्यालाही वापरतात. हे समजलं तेव्हा मला आजोळचं कौलारू घर आठवलं. पावसाळ्याआधी माणसं छपरावर चढायची, त्याला आजी 'शाकारणं' म्हणायची. तर मी रात्री अकरा वाजता स्वयंपाकघराच्या टेबलावर फूल शाकारत बसते.

निप्पोरीला कापडाच्या दुकानांची एक लांबच लांब गल्ली आहे. एरवी मी तुकडे तिथून आणते. पण विस्टेरियासाठी मनासारखा रंग मिळेना. एक फार निळा, एक फार गुलाबी. शेवटी कपाटातली आजीची गर्भरेशमी काढली. घड्यांवर विरलेली, नेसायच्या पलीकडे गेलेली. मूळची वांगी रंगाची, पण पदराकडचा भाग उन्हाने की धुण्याने फिका होत होत अगदी फुलाच्या रंगाला आला होता. कात्री लावताना हात थांबला हे खरं. मग आजीचाच विचार केला. तिने आयुष्यभर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. ती म्हणाली असती, कापतेस कसली वाट बघत?

विरलेलं रेशीम चिमट्याला साथ देत नाही. चौकोनाच्या कडांचे धागे सुटतात, खळ कमी पडली तर पाकळी उमलून परत कापड होते. साठ पाकळ्या कराव्या तेव्हा चाळीस हाती लागल्या. त्या रेशमी दोऱ्यावर वरून खाली लहान होत जाणाऱ्या क्रमाने चिकटवल्या, तीन घोस केले, आणि हलल्यावर डुलतील असे कंगव्याला टांगले. क्योतोतल्या माइको, म्हणजे गेइशा व्हायला शिकणाऱ्या मुली, पहिल्या वर्षी असेच लोंबते घोस कपाळाच्या बाजूला लावतात. वय वाढलं की लोंबणं बंद. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी लोंबते घोस केले, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मी म्हणते, पहिलं वर्षच आहे माझं.

त्या माइकोंचं वर्षच डोक्यावर असतं. जानेवारीत पाइन, बांबू आणि उमे, फेब्रुवारीत नुसता उमे, मार्चमध्ये मोहरीची पिवळी फुलं, एप्रिलला साकुरा, मेमध्ये विस्टेरिया, पुढे नदीकाठचा विलो, पंखे, गवताचे तुरे, शेवंती, लाल मेपल. डिसेंबरात तर केसांत दोन इवल्या कोऱ्या पाट्या लटकवतात आणि काबुकीच्या थिएटरात जाऊन आवडत्या नटाकडून त्यावर सही घेतात. उन्हाळा आला की अंबाड्यातला पोवळ्याचा मणी काढून हिरवा जेड खोचायचा, म्हणजे बघणाऱ्याला गार वाटतं. घालणारीला नाही, बघणाऱ्याला! कपड्यांचंही तसंच. ऑक्टोबरपासून मेपर्यंत अस्तराचा किमोनो, जून आणि सप्टेंबरात बिनअस्तराचा, मधले दोन महिने विरविरीत जाळीचा. हल्ली मेमध्येच घाम निथळतो, म्हणून कितीतरी बायका महिनाभर आधी अस्तर सोडतात. सेन्सेई अजून सोडत नाहीत. रुमाल टिपत टिपत नियम पाळतात.

विस्टेरियाचा कंगवा पूर्ण झाला, तेव्हा मी कौतुकाने आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. आई सांगलीला असते. तिने चष्मा लावला, जवळ आणायला सांगितलं, मागून दाखव म्हणाली. मग विचारलं,

"छान आहे गं. पण सोनं कुठेय यात?"

"नाहीये. रेशीम आहे, आजीच्या साडीचं."

"मग मोडीला काय येईल?"

"काही नाही येणार, आई."

"मग एवढे दिवस कशाला घालवलेस?"

तिची काही चूक नाही. आमच्या घरात दागिना म्हणजे तोळे, घट, मजुरी आणि मोड. ठुशी, पाटल्या, मोहनमाळ, सगळ्यांची एक बाजू आरशाकडे आणि दुसरी सराफाकडे. बाबांच्या आजारपणात दोन पाटल्या गेल्या. घरातल्या बायकांनी अडीअडचणीला उभं राहायचं ते सोन्याच्या जोरावर. त्या हिशेबात रेशमी फुलाला जागाच नाही.

जपानात मात्र गंमतच झाली. फार पूर्वी, दफनटेकड्यांच्या काळात, इथली माणसं मणी, कुंडलं सगळं घालत होती. मग साधारण आठव्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं गळ्यात, कानांत, बोटांत काही घालायची पद्धतच राहिली नाही. नटण्याची सगळी हौस कापडात गेली आणि उरलेली केसांत. फण्या, काटे, आकडे. केसांच्या काट्याच्या टोकाला पुष्कळदा कान कोरायची चिमुकली पळी असते. सरकारने चैनीवर बंदी घातली की 'हा दागिना नाही, कानकोरणं आहे' असं सांगायची ती सोय होती म्हणे. खरंखोटं देव जाणे, पण पटण्यासारखं आहे. मग १८७६मध्ये सामुराईंना तलवार लावून हिंडायला बंदी झाली. तलवारीच्या मुठी आणि म्यानं मढवणारे धातूचे कारागीर एका हुकमाने बेकार झाले. त्यांतले कितीतरी जण बायकांच्या ओबीवर, म्हणजे किमोनोच्या कमरपट्ट्यावर, बसवायच्या नक्षीदार पकडी करायला लागले. सेन्सेईंकडे अशी एक जुनी पकड आहे, काळ्या धातूवर सोन्याचा एक टोळ. मी ती हातात घेतली आहे. टोळाच्या पायांवरचे काटेसुद्धा दिसतात.

हे सगळं मी आईला सांगितलं नाही. कॉलची मिनिटं तेवढी नसतात.

विस्टेरियाचं डोहाळजेवण असावं तसा उत्सव कामेइदोच्या तेन्जिन देवळात असतो, एप्रिलमध्ये. आमच्याकडून नदी ओलांडली की आलंच. तळं, त्यावर कमानीचे लाल पूल, आणि पाण्यावर झुकलेले मांडवच्या मांडव भरून जांभळे घोस. हिरोशिगे या चित्रकाराने एदोची प्रसिद्ध स्थळं छापली, त्यांत हेही आहे. मी कंगवा लावून गेले ती एप्रिलच्या विशीत, मांडवावर घोस नुसते बोटभर लांब असताना. सेन्सेई बरोबर होत्या. त्यांनी आधी वेलाकडे बघितलं, मग माझ्या केसांकडे, मग पुन्हा वेलाकडे, आणि म्हणाल्या, "आज अगदी बरोबर." मग आम्ही तळ्याकाठी कासवं बघत कुझुमोची खाल्लं, त्या जागेचा प्रसिद्ध गोड पदार्थ. बुळबुळीत वड्या, वर काकवी आणि सोयाबीनचं पीठ. पहिल्या वेळी मला अजिबात आवडलं नव्हतं.

त्याच देवळात जानेवारीच्या २४-२५ तारखेला लाकडी पाखरांची अदलाबदल असते. 'उसो' नावाचं पाखरू. उसो म्हणजे जपानीत थापसुद्धा. गेल्या वर्षीचं पाखरू परत द्यायचं, नवीन घ्यायचं, की वर्षभरात बोललेल्या थापा, आलेलं वाईट सगळं पुसलं. नोव्हेंबरात बाजारातून सुपलीसारख्या बांबूच्या दाताळ्या आणतात, धंद्यात बरकत यावी म्हणून. त्यांचंही तेच, जुनी परत, नवी जरा मोठी. तीन मार्चला मुलींच्या बाहुल्या मांडतात आणि सण सरला की लगबगीने पेटीत भरतात, कारण त्या मांडून ठेवल्या तर मुलीचं लग्न लांबतं. माझ्या मुलीच्या बारा वर्षांच्या मैत्रिणीने हे मला अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगितलं आणि म्हणाली, "म्हणून आम्ही मुद्दाम एप्रिलपर्यंत ठेवतो."

नाचाचं म्हणाल, तर माझा खरा सण उन्हाळ्यात असतो आणि त्याला तालमीची गरज नसते. ओबोनच्या दिवसांत वस्तीच्या मैदानावर लाकडी मचाण उभं राहतं, त्याच्यावर ढोल, चहूकडे कंदिलांच्या माळा, आणि भोवती गोल करून जो येईल तो नाचतो. बोन ओदोरी. हे दिवस पितरांचे, मेलेली माणसं घरी येऊन जातात ते. आपल्या पितृपक्षात मंगलकार्य वर्ज्य, इथे मात्र आजोबा परत आले म्हणून पोरं बर्फाचा गोळा खात नाचतात. तोक्योत हे बऱ्याच ठिकाणी जुलैत, बाकी बहुतेक देशात ऑगस्टच्या मध्याला. आतल्या रिंगणात मंडळाच्या काकू, सगळ्यांच्या युकाता (उन्हाळ्याचे सुती किमोनो) एकाच छापाच्या, हात लोण्यासारखे फिरणारे. बाहेरच्या रिंगणात आम्ही. पुढचीच्या पाठीकडे बघून अर्ध्या मात्रेने मागून नाचायचं.

मला सगळ्यात आवडतो कोळशाच्या खाणीचा नाच, तान्को बुशी. फुकुओकाच्या खाणकामगारांचं गाणं. खणा, खणा, पुन्हा खणा. खांद्यावर टाका, टाका. कपाळावर हात धरून मागे वळून बघा. गाडी ढकला, ढकला. मग हात उघडून टाळ्या. त्या भागातल्या खाणी कधीच बंद झाल्या. आता संगणकासमोर बसून पाठ आखडलेली माणसं खांद्यावरून न दिसणारा कोळसा फेकतात. माझा नवरा सात वर्षं कठड्याशी उभा राहून फोनवर आमचा व्हिडिओ घ्यायचा. तोकुशिमाच्या आवा ओदोरीत एक ओळ म्हणतात, तिचा मथितार्थ असा: नाचणारे येडे, बघणारेही येडे, येडेच ठरलोय तर नाचलेलं काय वाईट! कोएन्जीच्या लोकांनी १९५७पासून तोक्योतही तो नाच चालू ठेवलाय. एकदा ऑगस्टअखेर आम्ही बघायला गेलो होतो, तिथे नवऱ्याने ती ओळ ऐकली. पुढच्या जुलैत फोन खिशात घालून तो रिंगणात आला. आल्या आल्या उलट्या दिशेने वळला आणि एका आजीबाईंच्या अंगावर जवळजवळ खाण कोसळवली. आजी हसल्या, त्याच्या दंडाला धरून त्याला सरळ केलं आणि नाचत पुढे गेल्या. गोल फिरून दर पाच मिनिटांनी त्या पुन्हा समोर यायच्या आणि हाताने विचारायच्या, ठीक?

गुरुवारच्या वर्गात मी सात वर्षं कमर खाली ठेवायला धडपडतेय. या मैदानात कोणी कमर बघत नाही. खरं सांगायचं तर मला दोन्ही लागतात. एकटं मैदान असतं तर दोन उन्हाळ्यांत कंटाळले असते, एकटा वर्ग असता तर केव्हाच सोडला असता.

या वर्षी संक्रांतीला आईने पुण्याहून येणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर हलव्याचा हार पाठवला. तिच्या हातचा. डिसेंबरच्या थंडीत, मंद शेगडीवर परात ठेवून, खसखशीवर पाकाचे थेंब सोडत, बोटांनी हलवत हलवत काटा आणायचा. पंखा नाही, घाई नाही. लहानपणी मी शेजारी बसून अर्धवट काट्याचा हलवा पळवायचे. मग ते दाणे दोऱ्यात बांधून हार, बाजूबंद, मुकुट. मी तो हार जानेवारीत काळ्या साडीवर घातला, मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला. सगळ्यांनी फोटो काढले. मग एवढा सुंदर हार डब्यात कशाला ठेवायचा म्हणून दिवाणखान्यात भिंतीवर टांगला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. घरी चहाला आलेल्या सेन्सेईंनी मेमध्ये तो बघितला, "किरेइ देसु ने" म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जूनमध्ये त्सुयु लागला, इथला पावसाळा. बाहेर झिमझिम, घरात भिंतींना दमट वास. एका सकाळी हाराचे काटे मऊ पडलेले दिसले. दुसऱ्या दिवशी खालचे तीन दाणे एकमेकांना चिकटून लोंबत होते आणि भिंतीवरून मुंग्यांची बारीक रांग वर चालली होती. हार उतरवून मोरीत धरला, नळ सोडला. साखर पांढुरकी होऊन वाहून गेली, मग खसखशीचे दाणे जाळीत अडकले, आणि हातात उरला नुसता दोरा. त्यावर ठरावीक अंतरावर आईने मारलेल्या गाठी. संध्याकाळी तिला फोन केला आणि सांगितलं.

"जूनपर्यंत ठेवलास?" आई म्हणाली. "अगं, तो रथसप्तमीला खाऊन टाकायचा असतो!"

दोरा पिळून गॅलरीत वाळत घातला. दोन दिवस वाळलाच नाही. मग गुंडाळून कंगव्यांच्या पेटीत ठेवला, विस्टेरियाच्या शेजारी.